यंत्रांचीं दप्तरें

इतिहासाचीं साधनें म्हटलीं कीं आपल्याकडील सुशिक्षित वाचकाच्या डोळ्यांपुढें रुमालांत बांधलेलीं दप्तरें, मोडी अक्षरांतील पत्रें, ताम्रपट, शिलालेख आणि बखरी उभ्या राहतात. राजवाड्यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हांपासून कागद हाच इतिहासाचा प्राण होय ही गोष्ट महाराष्ट्राच्या अंगवळणीं पडली आहे. परंतु यंत्रांनाहि इतिहास असतो, त्या इतिहासालाहि कागद लागतात, आणि ते कागदहि राजेरजवाड्यांच्या पत्रांप्रमाणेंच वाण्याच्या पुड्यांना, वाळवीला अथवा अग्नीला बळी पडतात, याचा विचार आपल्यांत अद्याप फारसा झालेला दिसत नाहीं.

संगणकाच्या बाबतींत ही उणीव विशेष जाणवते. तेलाचा घाणा किंवा विहिरीवरचा रहाट मोडून पडला, तरी त्याचे अवशेष सुताराच्या दृष्टीस पडले म्हणजे पुरे. तो त्यांवरून मापें घेतो आणि नवा घाणा उभा करतो, कारण घाण्याचें सारें कर्तृत्व त्याच्या आकारांत आहे. संगणकाचें तसें नाहीं. दोन कपाटें बाहेरून सारखीं दिसतील, आंतील तारांचे जुडगेहि सारखेच दिसतील, आणि तरी एक बेरीज करील व दुसरें मुकें राहील. एका शब्दांत किती अंक मावतात, स्मृतिकोशांत असे किती शब्द राहतात, कोणत्या आज्ञेला कोणता सांकेतिक अंक दिला आहे, कोणत्या तारेंत किती दाबाची वीज खेळते, विजेच्या दोन स्पंदांमध्यें किती अवधि जातो, यांपैकीं एकहि गोष्ट नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीं. ती कागदावर असते. म्हणून एखाद्या जुन्या संगणकाचा रचनातपशील शोधावयास निघालेला मनुष्य स्वतःस इंजिनियर म्हणवीत असला, तरी त्याचें काम वस्तुतः इतिहाससंशोधकाचें असतें.

हे कागदहि एकाच जातीचे नसतात. कारखान्यांतील नकाशा वेगळा, वापरणाऱ्यासाठीं छापलेलें माहितीपुस्तक वेगळें, आणि दुरुस्ती करणाराची खिशांतली वही वेगळी. नकाशांत यंत्र कसें व्हावें हें असतें. माहितीपुस्तकांत तें कसें आहे म्हणून जगाला सांगावयाचें तें असतें. आणि वहींत तें खरोखर कसें होतें हें असतें. बखर आणि जमाखर्चाची वही यांत जें अंतर, तेंच येथेंहि समजावें. माझा स्वतःचा विश्वास जमाखर्चावर अधिक आहे.

कागद उरले आणि यंत्र मुळीं झालेंच नाहीं, असें एक नामांकित उदाहरण प्रथम पाहूं. चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञानें १८४७ ते १८४९ या काळांत ‘डिफरन्स इंजिन क्रमांक २’ या गणनयंत्राचे नकाशे तयार केले. त्याच्या पहिल्या यंत्रावर सरकारचे सतरा हजार पौंडांहून अधिक खर्च होऊन तें १८४२ सालीं अर्धवट टाकून देण्यांत आलें होतें. त्यामुळें दुसऱ्या यंत्रास कोणी दमडीहि दिली नाहीं, आणि बॅबेज १८७१ सालीं वारला तेव्हां तें कागदावरच होतें. मुख्य असे वीस नकाशे लंडनच्या सायन्स म्यूझियममध्यें राहिले. १९८५ सालीं सिडनी विद्यापीठांतील अ‍ॅलन ब्रॉमली यांनीं त्या संग्रहालयास सुचविलें कीं, बॅबेजच्या जन्माला १९९१ मध्यें दोनशें वर्षें होतील, तत्पूर्वीं हें यंत्र बांधून पाहावें. संग्रहालयाचे डोरॉन स्वेड यांनीं तें काम अंगावर घेतलें.

येथें कागदाची मर्यादा कळून येते. नकाशांत प्रत्येक भागाचा आकार होता, लांबीरुंदी होती. पण तो कोणत्या धातूचा करावा, किती चोखपणें कातावा, मापांत किती फरक चालेल, याविषयीं अवाक्षर नव्हतें. बॅबेजला तें लिहिण्याचें कारणच नव्हतें; त्याच्या काळच्या कारागिराला तें ठाऊक असे. आपल्या पाकपुस्तकांत ‘मीठ अंदाजानें’ असें लिहितात तसाच हा प्रकार. लिहिणाराच्या पिढीला जें उघड असतें, तेंच पुढच्या पिढीला सर्वांत आधीं दुर्बोध होतें. अखेरीस पहिल्या अर्धवट यंत्राचे जे तुकडे शिल्लक होते, त्यांच्या धातूचें पृथक्करण करून काशाचें मिश्रण ठरविण्यांत आलें, आणि तेच तुकडे मोजून त्या काळच्या कारागिराचा हात किती साफ होता तें ताडण्यांत आलें. नकाशांत चुकाहि निघाल्या: एक भाग निष्कारण काढलेला, तर कांहीं आवश्यक भाग गाळलेले. तरीहि यंत्राचा गणनाचा विभाग १९९१ सालीं पुरा झाला आणि त्यानें एकतीस अंकी संख्यांचें गणित बिनचूक केलें. छपाईचा विभाग त्यानंतर सुमारें दहा वर्षांनीं जोडला गेला. एकंदर आठ हजार भाग आणि पांच टन वजन! बॅबेजचें यंत्र चाललें नसतें असें शंभर वर्षें म्हणणाऱ्यांचीं तोंडें वीस नकाशांनीं बंद केलीं.

परंतु बॅबेजचे नकाशे निदान कोणी जाळले नाहींत. ज्या यंत्राचे कागद त्याच्या जनकाच्याच हातून अग्नींत टाकविण्यांत आले, त्याची कथा अधिक चमत्कारिक आहे. आणि ती नीट समजण्यास त्या यंत्राच्या शत्रूपासून आरंभ केला पाहिजे.

दुसऱ्या महायुद्धांत जर्मन सैन्याचे वरिष्ठ अधिकारी आपले संदेश लॉरेंझ नांवाच्या यंत्रानें गुप्तलिपींत घालून बिनतारी पाठवीत. तें यंत्र इंग्रजांनीं पाहिलें नव्हतें, त्याचा नकाशा त्यांच्या हातीं लागला नव्हता. युद्ध अगदीं संपत येईपर्यंत तें त्यांच्या दृष्टीस पडलेंहि नाहीं. ३० ऑगस्ट १९४१ रोजीं अथेन्सहून व्हिएन्नास सुमारें ४,००० अक्षरांचा एक संदेश गेला. पलीकडून, पोंचला नाहीं, पुन्हां पाठवा, असें उत्तर येतांच प्रेषकानें यंत्राचीं चक्रें पुन्हां पहिल्याच स्थितींत ठेवून तोच मजकूर पुन्हां पाठविला, आणि कंटाळून त्यांतले कांहीं शब्द आंखडून घेतले. एवढी ढिलाई पुरे झाली. इंग्रजांच्या ब्लेचली पार्क येथील गुप्त केंद्रांत जॉन टिल्टमन या निष्णात लिपिवाचकानें दोन्ही प्रती ताडून मूळ मजकूर एकीकडे काढला आणि यंत्रानें त्यांत मिसळलेली अक्षरमाला दुसरीकडे. ही अक्षरमाला मग बिल टट या चोवीस वर्षांच्या तरुणाकडे देण्यांत आली. रसायनशास्त्र सोडून गणिताकडे वळलेला हा केंब्रिजचा विद्यार्थी चौकटीच्या कागदावर ती अक्षरें निरनिराळ्या रुंदीच्या ओळींत पुन्हां पुन्हां मांडून पाहूं लागला. प्रत्येक संदेशाच्या आरंभीं येणाऱ्या खुणेच्या अक्षरांवरून त्यानें पंचवीस व तेवीस यांचा गुणाकार, म्हणजे ५७५, ही रुंदी घेतली. तेव्हां पुनरावृत्ति सरळ खालीं न येतां तिरपी येते असें त्याला दिसलें. म्हणजे खरी संख्या एकानें कमी, ५७४. आणि ५७४ चा एक विभाजक ४१. एकेचाळीस दांत्यांचें एक चक्र या यंत्रांत असलेंच पाहिजे! या एका सुतावरून त्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९४२ च्या जानेवारींत बारा चक्रांचें सबंध यंत्र कागदावर उभें केलें. न पाहिलेल्या यंत्राचा रचनातपशील त्याच्या उत्पन्नावरून काढण्याचें याहून मोठें उदाहरण माझ्या वाचनांत नाहीं. चुलीकडे न जातां नुसती भाकरी पाहून जात्याच्या टाक्या मोजाव्या, तसें हें झालें.

चक्रें कळलीं, तरी रोजच्या संदेशासाठीं त्यांची आरंभींची स्थिति शोधणें हें हातानें होणारें काम नव्हतें. तें कागदी फितीवर वेगानें करणारें एक यंत्र प्रथम झालें, पण त्याच्या दोन फिती एकमेकींशीं जुळत ठेवणें कठीण पडे. तेव्हां लंडनमधील डॉलिस हिल येथील पोस्टखात्याच्या संशोधनशाळेंतले इंजिनियर टॉमी फ्लॉवर्स यांनीं सुचविलें कीं, दुसरी फीत काढून टाकावी आणि तिचें काम विद्युन्मंडलांवर सोंपवावें. त्यासाठीं दीड हजारांवर व्हॉल्व्ह लागणार होते. इतके व्हॉल्व्ह एकत्र चालणार नाहींत, रोज त्यांतले कांहीं जळतील, असें जाणत्यांचें मत पडलें. फ्लॉवर्सना टेलिफोनच्या कामांतून ठाऊक होतें कीं, व्हॉल्व्ह जळतो तो बहुधा चालूबंद करतांना. तो कायम चालू ठेवला तर वर्षानुवर्षें टिकतो. त्यांचें यंत्र १९४३ च्या डिसेंबरांत तयार झालें, १९४४ च्या जानेवारींत ब्लेचली येथें आलें, आणि ५ फेब्रुवारीस त्यानें पहिला संदेश हातीं घेतला. त्याच्या आकारावरून त्यास ‘कोलोसस’ हें नांव पडलें. सेकंदास ५,००० अक्षरें या वेगानें फीत त्यांतून धांवे. सुमारें २,४०० व्हॉल्व्हांची त्याची सुधारलेली आवृत्ति १ जून १९४४ रोजीं, म्हणजे नॉर्मंडीवरील स्वारीच्या आधीं अवघे पांच दिवस, चालूं झाली. युद्ध संपलें तेव्हां अशीं दहा यंत्रें काम करीत होतीं.

पुढची हकीकत थोडक्यांत सांगण्यासारखी आहे, कारण ती नाशाची आहे. दहांपैकीं आठ यंत्रें मोडलीं, दोन गुप्तवार्ताखात्यानें स्वतःजवळ ठेवलीं, आणि १९६० च्या सुमारास तींहि मोडलीं. त्याच सालीं सर्व नकाशे व कागद नष्ट करण्याची आज्ञा झाली, आणि फ्लॉवर्स यांनीं ते डॉलिस हिलच्या भट्टींत स्वतःच्या हातानें टाकले. सरकारनें त्यांना एक हजार पौंडांचें बक्षीस दिलें होतें. यंत्रासाठीं त्यांनीं पदरचें जें घातलें होतें तेवढेंहि त्यांतून भरून निघालें नाहीं. युद्धानंतर तशाच जातीचें यंत्र बांधण्यासाठीं त्यांनीं बँकेकडे कर्ज मागितलें, तर असलें यंत्र चालणार नाहीं म्हणून तें नाकारण्यांत आलें, असें सांगतात; आणि असलीं दहा यंत्रें आपण चालविलीं आहेत हें उत्तर देण्याची त्यांना मुभा नव्हती!

कागद जळल्याचा परिणाम केवळ एका गृहस्थाच्या पदरीं निराशा येण्यापुरता राहिला नाहीं. १९४६ च्या फेब्रुवारींत अमेरिकेंतील फिलाडेल्फिया येथें सुमारें १८,००० व्हॉल्व्हांचा ‘एनिअ‍ॅक’ जगापुढें मांडण्यांत आला, आणि तेव्हांपासून जवळजवळ तीस वर्षें संगणकांचे सर्व इतिहास त्याच्यापासून आरंभ करीत. विद्यार्थ्यांनीं तें पाठ केलें, परीक्षकांनीं त्याला गुण दिले. दोन यंत्रांत भेद आहेत हें खरें. कोलोसस विशिष्ट कामासाठीं बांधलेलें होतें, एनिअ‍ॅकचा आवांका मोठा होता. पण पहिलें कोणतें हा वाद घालावयास दोन्ही पक्ष तरी हजर असावे लागतात. येथें एक पक्ष भट्टींत गेलेला. अमेरिकेंतील न्यायालयानें १९७३ सालीं एनिअ‍ॅकचें पेटंट रद्द ठरविलें, तेव्हांहि कोलोससचें नांव कोणाच्या तोंडीं आलें नाहीं.

कोंडी फोडली ती न्यूकॅसल विद्यापीठांतील प्रा. ब्रायन रँडेल यांच्या चिकाटीनें. त्यांनीं सरकारचा पाठपुरावा केल्यावर १९७५ सालीं कोलोससचीं कांहीं छायाचित्रें खुलीं झालीं, आणि १९७६ सालीं लॉस अ‍ॅलामॉस येथील परिषदेंत त्यांनीं त्या यंत्राचा वृत्तान्त विद्वानांपुढें ठेवला. पण छायाचित्र म्हणजे नकाशा नव्हे. ब्लेचली पार्कच्या इमारती पाडण्याचें घाटत असतां त्या वांचविण्याच्या खटपटींत जे पुढें आले, त्यांपैकीं टोनी सेल यांनीं १९९० नंतरच्या वर्षांत कोलोसस पुन्हां बांधण्याचें मनावर घेतलें, तेव्हां त्यांच्यापाशीं साहित्य काय होतें? युद्धकाळचीं आठ छायाचित्रें, आणि कांहीं वृद्ध इंजिनियरांनीं नियम मोडून स्वतःजवळ ठेवलेले विद्युन्मंडलांच्या नकाशांचे तुकडे.

सेल यांच्या पद्धतीचा तपशील कोणत्याहि इतिहासाच्या विद्यार्थ्यानें लक्षपूर्वक वाचावा असा आहे. प्रथम त्यांनीं महिनेच्या महिने छायाचित्रांवर घालविले. चित्रांतील सांगाड्यांचे कोन, पट्ट्यांमधील अंतरें, एका चौकटीवर किती व्हॉल्व्ह बसले आहेत, हें मोजून त्यांवरून आधुनिक संगणकाच्याच साहाय्यानें जुन्या यंत्राचें त्रिमिति रेखाटन त्यांनीं तयार केलें. आकार असा निघाला. मग हयात असलेल्या जुन्या मंडळींना गांठून कोणत्या चौकटीचें काम काय होतें हें विचारण्यांत आलें. फीत वाचणारा प्रकाशयुक्त भाग मुळांत आर्नल्ड लिंच यांनीं रचला होता. पन्नास वर्षांनंतर त्यांनींच तो आपल्या मूळ तपशिलास धरून पुन्हां रचून दिला. सुट्या भागांच्या बाबतींत एक दैवयोग असा घडला कीं, कोलोसस पोस्टखात्यानें बांधलेलें असल्यामुळें त्यांत टेलिफोन एक्स्चेंजचेच ठराविक भाग होते, आणि त्याच सुमारास इंग्लंडांतील जुनीं एक्स्चेंजें मोडीत निघत होतीं. ६ जून १९९६ रोजीं ड्यूक ऑफ केंट यांच्या हस्तें यंत्र चालूं करण्यांत आलें. नव्वद वर्षांचे फ्लॉवर्स समोर उपस्थित होते. दोन वर्षांनीं ते वारले.

यांत आणखी एक गंमत आहे. इंग्लंडनें जें जाळलें, त्याची वर्णनें अमेरिकेच्या दप्तरांत सुखरूप होतीं. युद्धकाळीं ब्लेचली येथें काम करणाऱ्या अमेरिकन लिपिवाचकांनीं आपल्या सरकारला जे अहवाल पाठविले, त्यांपैकीं कांहीं १९९६ सालीं खुले झाले आणि कोलोसस प्रत्यक्ष कसें चालवीत, हें त्यांतून कळलें. पुढें २००० सालीं ब्रिटिश सरकारनेंहि या कामाचा सुमारें पांचशें पानांचा १९४५ चा अहवाल प्रसिद्ध केला. मराठ्यांच्या इतिहासाचे धागे डच, पोर्तुगीज आणि इंग्रज वखारींच्या कागदांतून काढावे लागतात, हें ज्यांना ठाऊक आहे त्यांना या प्रकाराचें नवल वाटणार नाहीं. घरचें दप्तर जळालें तर शेजाऱ्याचें पाहावें. पुन्हां बांधलेल्या कोलोससची परीक्षा २००७ सालीं झाली. जर्मनींतून लॉरेंझच्या लिपींत पाठविलेला संदेश त्यानें सुमारें साडेतीन तासांत उलगडला. एका जर्मन गृहस्थानें आपल्या घरच्या संगणकावर त्यापूर्वींच तो उलगडला होता ही गोष्ट वेगळी.

कागद कोंडून ठेवल्यानें काय होतें तें पाहिलें. तो हातोहात फिरला तर काय होतें, याचा दाखला त्याच वर्षांतला आहे. ‘एडव्हॅक’ या योजलेल्या यंत्राच्या रचनेवर जॉन फॉन नॉयमन यांनीं लिहिलेलें टिपण ३० जून १९४५ या तारखेचें. यंत्राच्या आज्ञाहि त्याच्या स्मृतिकोशांतच सांठवाव्या, ही आजच्या सर्व संगणकांची मूळ कल्पना त्यांत मांडलेली होती. १९४६ च्या मे महिन्यांत एल. जे. कॉमरी हे गणिती अमेरिकेहून परततांना त्याची प्रत घेऊन केंब्रिजला आले आणि तेथील मॉरिस विल्क्स यांना त्यांनीं ती एका रात्रीपुरती वाचावयास दिली. त्या काळीं चटकन् नक्कल करून घेण्याची सोय नव्हती. विल्क्स रात्रीं उशिरापर्यंत जागून तें वाचीत बसले, आणि संगणकाचा पुढचा मार्ग हाच, हें त्यांना तेव्हांच पटलें. त्याच उन्हाळ्यांत ते फिलाडेल्फियास जाऊन आले, परततांना आगबोटींतच त्यांनीं आपल्या यंत्राची आंखणी सुरू केली, आणि ६ मे १९४९ रोजीं केंब्रिजचें ‘एडसॅक’ वर्गसंख्यांचें कोष्टक छापूं लागलें. उसन्या टिपणाच्या एका रात्रीच्या वाचनाचें हें फळ.

इतक्या जाणत्या माणसांच्या घरींहि पुढें काय झालें पाहा! सुमारें तीन हजार व्हॉल्व्हांचें व पाऱ्याच्या नळ्यांत आंकडे सांठविणारें हें यंत्र १९५८ च्या जुलैंत बंद करून मोडण्यांत आलें. येथें गुप्ततेचा प्रश्न नव्हता, शत्रूचें भय नव्हतें. केवळ जागा हवी होती. त्याचे नकाशे १९५९ मध्यें प्रयोगशाळेच्या ओसरींत टाकाऊ सामानांत पडले होते. तेथें नुकत्याच नोकरीस लागलेल्या एका तरुण इंजिनियरानें ती गुंडाळी उचलून घरीं नेली. पन्नासांवर वर्षें ती त्याच्या घरीं राहिली. अँड्र्यू हर्बर्ट यांच्या नेतृत्वाखालीं एडसॅकची प्रतिकृति ब्लेचली येथील संगणकसंग्रहालयांत बांधली जात असतां, १९ नकाशांची ती गुंडाळी २०१४ सालीं त्यांच्या हातीं आली. तोंपर्यंत छायाचित्रांवरून आणि त्रोटक टिपणांवरून तर्कानें बरेंच काम झालें होतें. नकाशांनीं तो तर्क बव्हंशीं खरा ठरविला, आणि मूळ कर्त्यांनाहि त्याच अडचणींनीं सतावलें होतें हें दाखवून दिलें. इतिहाससंशोधकाच्या आयुष्यांत अनुमानाला अस्सल कागदाचा दुजोरा मिळण्यासारखा दुसरा सण नाहीं.

फॉन नॉयमन यांचा पुढचा उद्योग आपल्या मुंबईपर्यंत येऊन पोंचतो. प्रिन्स्टन येथील संस्थेंत नवें यंत्र बांधावयाचें ठरल्यावर त्यांनीं, गोल्डस्टाइन व बर्क्स यांच्यासह, त्याच्या रचनेचा अहवाल २८ जून १९४६ रोजीं तयार केला. आणि तो व त्यामागून आलेले अहवाल पेटंटाच्या कुलपांत न ठेवतां ते अभ्यासकांना मोकळेपणानें वांटण्यांत आले. त्यामुळें इलिनॉय, लॉस अ‍ॅलामॉस, स्टॉकहोम, सिडनी, इस्रायल अशा ठिकठिकाणीं त्या यंत्राचीं भावंडें जन्मास आलीं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आर. नरसिंहन् यांच्या भोंवतीं जमलेल्या तरुण मंडळींनीं १९५४ च्या सुमारास हेंच घराणें समोर ठेवलें. त्यांतल्या बहुतेकांनीं तोंपर्यंत संगणक वापरलेलाहि नव्हता. त्यांचा गुरु म्हणजे छापील अहवाल. प्रथम त्यांनीं एक लहान प्रायोगिक यंत्र केलें, आणि मग १९६० च्या फेब्रुवारींत पूर्ण यंत्र चालूं केलें. चाळीस द्विमान अंकांचा शब्द, २,०४८ शब्दांचा चुंबकीय कड्यांचा स्मृतिकोश आणि सुमारें २,७०० व्हॉल्व्ह, असा त्याचा संसार होता. १९६२ च्या जानेवारींत संस्थेच्या नव्या वास्तूच्या उद्घाटनास आलेल्या पंडित नेहरूंनीं त्याचें ‘टिफरॅक’ असें नामकरण केलें. तोंपर्यंत परदेशांत व्हॉल्व्हांचें युग संपून ट्रान्झिस्टरचें सुरू झालें होतें, म्हणून त्याचें आयुष्य फार झालें नाहीं. १९६५ च्या आसपास तें निवृत्त झालें.

वर दिलेले टिफरॅकचे आंकडे आज आपल्याला सांगतां येतात, कारण तें बांधणारांनीं लिहून ठेवलें. त्या मंडळींपैकीं पी. व्ही. एस. राव यांनीं २००८ सालीं ‘रेझोनन्स’ या विज्ञानविषयक मासिकांत त्याचा साद्यंत वृत्तान्त दिला. तो वृत्तान्त यंत्र बंद झाल्यावर चाळीसांहून अधिक वर्षांनीं आला. त्या मंडळींतले लिहिते हात तेवढे टिकले, हें आपलें सुदैव. पुढें १९६९ मध्यें ट्रॉम्बे येथील अणुसंशोधन केंद्रांत ‘ट्रॉम्बे डिजिटल कॉम्प्यूटर’ म्हणजे टीडीसी-१२ हें यंत्र झालें, आणि हैदराबादच्या सरकारी कारखान्यांत त्याच्या मागून आणखी यंत्रें झालीं. देशांत ठिकठिकाणीं त्यांवर लोकांनीं कामें केलीं, आज्ञावल्या लिहिल्या, रात्रीच्या रात्री दुरुस्त्या केल्या. त्या दुरुस्त्यांच्या वह्या, मला वाटतें, अजूनहि पुण्यामुंबईच्या कांहीं घरांत माळ्यावर असतील. दिवाळीच्या साफसफाईत त्या रद्दीवाल्याच्या तराजूंत पडतात, आणि मुलाबाळांना त्यांतील विद्युन्मंडलांच्या आकृति म्हणजे नुसत्या रेघोट्या वाटतात.

परदेशांत हौशी मंडळींनीं आतां जुन्या यंत्रांचीं माहितीपुस्तकें मिळवून, पान न् पान छायाचित्रित करून, सर्वांना मोकळीं करून दिलीं आहेत. तेथल्या एखाद्या विस्मृत यंत्राचा तपशील पुण्यांत बसून घटकेंत मिळतो. आपल्या यंत्रांचा मिळत नाहीं. त्यासाठीं शोध करूं इच्छिणाऱ्यानें आरंभ कोठून करावा असें कोणी विचारलें, तर मी त्याला सरकारी कचेऱ्यांची व कॉलेजांची जडवस्तु-संग्रह नोंदवही पाहावयास सांगेन. ही वही रुक्ष, पण तिच्यासारखी प्रामाणिक बखर नाहीं. यंत्र कोणत्या तारखेस आलें, कोणाकडून, किती किंमतीस, कोणत्या नमुन्याचें, बरोबर किती पुस्तकें व किती नकाशे आले, आणि शेवटीं कोणत्या ठरावान्वयें तें निर्लेखित होऊन लिलावांत गेलें, हें सारें तिच्यांत एका ओळींत असतें. लिलावाच्या पावतीवर घेणाराचें नांव असतें. तो बहुधा भंगारवाला असतो. पण पुस्तकें कपाटासकट गेलीं कीं कोणी मधल्यामध्यें उचलून ठेवलीं, हें त्या काळच्या शिपायाला किंवा प्रयोगशाळेच्या सहायकाला विचारलें तर पुष्कळदां कळतें. हे लोक आतां सेवानिवृत्त होऊन गेले आहेत. त्यांचे पत्ते निवृत्तिवेतनाच्या कागदांत मिळतात.